काश्मीर पाहावे शेतकऱ्याच्या डोळ्यांनी

काश्मीरला जाऊन आलेली माणसे आता आपल्या खेड्यापाड्यांतही भेटतात. त्यांना विचारा, काय काय पाहिलेत? उत्तर बहुधा ठरलेले असते. बर्फ पाहिला, दल सरोवरात शिकाऱ्यातून फिरलो, फेरन अंगात घालून फोटो काढला, येताना अक्रोड आणि केशर आणले. हे सारे पाहण्यासारखे आणि आणण्यासारखे आहेच. पण ज्या तळ्यात शिकारा फिरला, त्याच तळ्यात काकडी, टोमॅटो आणि भोपळा पिकतो; तिथला शेतकरी बैलगाडीऐवजी होडीत बसून मळ्यात जातो आणि उजाडण्यापूर्वी होडीतच भाजीचा बाजार भरतो, हे मात्र फार थोड्यांनी पाहिलेले असते.

तुम्ही आम्ही मातीत राबणारी माणसे. एवढे पैसे खर्चून इतक्या दूर जायचे, तर तिथली शेती, तिथले पाणी आणि तिथल्या सुगीचे सण पाहून यावे. काश्मीरचे सण पिकांच्या मागोमाग चालतात. बदामाला फूल आले की एक जत्रा, भाताच्या लावणीच्या सुमारास दुसरी, केशर फुलले की तिसरी. म्हणून काश्मीरला कधी जावे हे हॉटेलच्या भाड्यावरून ठरवू नका. कोणते पीक पाहायचे आहे त्यावरून ठरवा.

गाळावर वसलेला मुलूख

काश्मीरचे खोरे सुमारे १३५ किलोमीटर लांब आणि ३०-३२ किलोमीटर रुंद आहे. चहूबाजूंनी डोंगर आणि मध्ये सपाट शेतजमीन. दक्षिणेला वेरीनागच्या झऱ्यातून झेलम नदी निघते, श्रीनगर शहराच्या मधून वाहते, पुढे वुलर नावाच्या मोठ्या सरोवरात शिरते आणि सोपोरकडून बाहेर पडून बारामुल्लाच्या घळीतून खोऱ्याबाहेर जाते. या वाटेच्या आजूबाजूला लहानमोठी तळी आहेत. श्रीनगरचे दल आणि त्याला लागूनच असलेले निगीन, गांदरबल जिल्ह्यातले मानसबल आणि बांदीपोऱ्याकडचे वुलर ही त्यांतली मुख्य.

हे संपूर्ण खोरे एकेकाळी एक प्रचंड सरोवर होते, त्याचे नाव सतीसर, आणि कश्यप ऋषींनी डोंगर फोडून ते पाणी काढून दिले, अशी जुनी कथा आहे. भूशास्त्र जाणणारेही सांगतात की इथले उंच माळ, ज्यांना ‘करेवा’ म्हणतात, ते एका प्राचीन सरोवराच्या तळाशी साठलेल्या गाळाचे आहेत. त्या माळांवरच आज केशर पिकते. आपल्याकडे धरणाचे पाणी ओसरले की उघड्या पडलेल्या जमिनीत गाळपेर करतात. काश्मीर म्हणजे हजारो वर्षे चाललेली एक मोठी गाळपेरच म्हणा ना!

या गाळाची आणखी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. नवव्या शतकात अवंतिवर्मा राजाच्या काळी झेलमला वारंवार पूर येई, शेते बुडत आणि दुष्काळ पडे. सुय्य नावाच्या माणसाने राजाकडून नाण्यांची भांडी मागून घेतली आणि नदी जिथे दगडगाळाने तुंबली होती तिथे ती नाणी पाण्यात फेकली. उपाशी लोकांनी नाण्यांसाठी पात्रातले दगड उपसले आणि पाण्याला वाट झाली. कल्हणाने बाराव्या शतकात लिहिलेल्या ‘राजतरंगिणी’त ही हकिगत आहे. त्यानंतर भाताचा भाव खंडीमागे २०० दीनारांवरून ३६ दीनारांवर आला, असेही त्याने नोंदवले आहे. सुय्याच्या नावाने वसलेले सुय्यपूर म्हणजेच आजचे सोपोर. तळे आणि नदी गाळाने भरू द्यायची नाही, तर शेत टिकेल, हा धडा तिथल्या लोकांना अकराशे वर्षांपूर्वीच मिळाला होता.

होडीतला मळा

दल सरोवर समुद्रसपाटीपासून सुमारे १५८० मीटर उंचीवर आहे आणि त्याचा विस्तार अठरा चौरस किलोमीटरच्या आसपास आहे. रस्त्याच्या बाजूने पाहिले की हाउसबोटींची रांग दिसते. खरी वस्ती तिच्या मागे, आतल्या कालव्यांत आहे. तिथे घरे आहेत, दुकाने आहेत, मशिदी आहेत, आणि मळे आहेत.

हे मळे दोन तऱ्हेचे असतात. पहिल्या तऱ्हेला ‘राद’ म्हणतात. हा खरोखरीचा तरंगता मळा. उथळ पाण्यात पाणकणीस आणि इतर लव्हाळी दाट वाढलेली असतात. त्यांच्या मुळांची एकमेकांत गुंतून जाड चटई झालेली असते. ही चटई तळापासून कापून मोकळी करायची, शेंडे छाटायचे, आणि ती वाहून जाऊ नये म्हणून मधून विलोचे खुंट ठोकायचे. विलो म्हणजे आपल्या ओढ्याकाठच्या वाळुंजाच्या जातीचे झाड. मग त्या चटईवर तळ्यातलेच गवत आणि गाळ यांचे लहान लहान ढीग घालायचे आणि त्यांवर काकडी, खरबूज, टोमॅटो, भोपळा यांची रोपे लावायची. पाणी द्यायला नको, कारण मुळ्या खालून हवे तेवढे पाणी घेतात. खत वेगळे आणायला नको, तळ्यातले गवत कुजले की तेच खत. पाणी चढले तर मळाही चढतो आणि उतरले तर मळाही उतरतो.

हा मळा होडीला बांधून दुसरीकडे ओढूनही नेता येतो. त्यामुळे पूर्वी इथे मळ्याचीच चोरी होत असे! वॉल्टर लॉरेन्स हा इंग्रज अधिकारी १८८९ नंतर काश्मीरच्या जमीनमोजणीचे काम पाहत होता. १८९५ साली छापलेल्या आपल्या पुस्तकात त्याने अशा चोऱ्यांची नोंद केली आहे. आपल्याकडे बांध कोरणारा शेजारी असतो; तिथे सगळा मळाच रातोरात नेणारा असे.

दुसऱ्या तऱ्हेला ‘डेंब’ म्हणतात. तळ्याच्या कडेच्या उथळ भागात गवत आणि गाळाचे थर वर्षानुवर्षे टाकून उंच पट्टे तयार करतात आणि कडेला विलोची झाडे लावून माती धरून ठेवतात. डेंब जागचे हलत नाही. त्यावर हाक नावाची हिरवी पालेभाजी, नवलकोल, सलगम, मुळा, पालक अशी पिके घेतात. हाक आणि भात हे काश्मिरी घरातले रोजचे जेवण, जशी आपल्याकडे भाजीभाकरी.

तयार माल घेऊन शेतकरी पहाटेच आतल्या एका ठरलेल्या जागी होड्या आणतात. होडीला होडी टेकते, भाव ठरतो, भाजी या होडीतून त्या होडीत जाते आणि ऊन वर येईपर्यंत बाजार संपलेलाही असतो. तुम्ही श्रीनगरला गेलात तर हा बाजार चुकवू नका. आदल्या संध्याकाळी शिकारेवाल्याशी बोलून ठेवा आणि पहाटे अंधारातच निघा. दुपारच्या सफरीत फुलांचे हार आणि शाली विकणारे भेटतात. पहाटेच्या सफरीत शेतकरी भेटतो.

चैत्र : फूल आणि मशाल

काश्मीरच्या वर्षाचा आरंभ बदामाच्या फुलाने होतो. मार्चच्या मध्यानंतर, झाडाला पान नसताना, सबंध फांदी पांढऱ्या-गुलाबी फुलांनी भरून जाते. श्रीनगरात हारी पर्वत किल्ल्याच्या पायथ्याशी बदामवारी नावाची जुनी बाग आहे. ती २००८ साली नव्याने नीट करून लोकांसाठी खुली झाली. कडक हिवाळा संपल्याच्या आनंदात घरची माणसे शिदोरी आणि चहाचा समोवार घेऊन तिथे जाऊन बसतात. आपल्या हुरड्याच्या दिवसांसारखाच हा प्रकार.

त्यानंतर दहा-पंधरा दिवसांनी दलच्या काठावर, झबरवान डोंगराच्या उतारावर ट्यूलिपची बाग उघडते. सुमारे ३० हेक्टरांवर टप्प्याटप्प्याने वाफे पाडलेले आहेत आणि अलीकडच्या वर्षांत तिथे सतरा लाखांवर कंद लावले जातात. २००७ साली सुरू झालेली ही बाग वर्षातून तीन-चार आठवडेच, मार्चअखेरपासून एप्रिलपर्यंत फुललेली असते. थंडी लांबली की फूल लांबते, ऊन लवकर आले की लवकर उरकते. तेव्हा नेमकी तारीख विचारूनच तिकिटे काढा.

आपल्या गुढीपाडव्याच्याच दिवशी काश्मिरी पंडितांचे ‘नवरेह’ असते. तेही चैत्र शुद्ध प्रतिपदेला. आदल्या रात्री घरात एक ताट भरून ठेवतात. त्यात तांदूळ, दही, मीठ, अक्रोड, फूल, नाणे, लेखणी, आरसा, नवे पंचांग आणि एक कडू वनस्पती असते. सकाळी डोळे उघडताच आधी ते ताट पाहायचे. आपण कडुनिंबाचे पान खातो, ते कडू वनस्पती ताटात ठेवतात. वर्षाच्या पहिल्या दिवशी कडूचीही आठवण ठेवावी, हे दोन्हीकडच्या शहाण्या म्हाताऱ्यांना सुचले, याचे मोठे नवल वाटते.

एप्रिलमध्येच अनंतनागहून पहलगामला जाणाऱ्या रस्त्यावरच्या ऐशमुकाम गावी ‘झूल’ नावाचा उत्सव होतो. बाबा जैनुद्दीन या संतांचा दर्गा तिथे उंच टेकडीवर आहे. सूर्य मावळला की आसपासच्या गावांतली माणसे लाकडाच्या पेटत्या मशाली घेऊन टेकडी चढतात. हिवाळा संपला आणि शेतीच्या कामांना सुरुवात झाली, असा या मशालींचा अर्थ तिथले शेतकरी लावतात. मशाल उतरली की दुसऱ्या दिवसापासून नांगर.

ज्येष्ठ ते भाद्रपद : खीर, भात आणि कमळ

बैसाखीच्या दिवशी, एप्रिलच्या मध्याला, दलच्या काठावरच्या मोगल बागांत गर्दी उसळते. जहांगीर बादशहाने १६१९ साली शालिमार बाग करवली आणि आसफखानाने १६३३ साली निशात. त्या पाहताना फुलांबरोबर पाणीही पाहा. डोंगरातला झरा वरच्या टप्प्यावर घेतला आहे आणि केवळ उताराच्या जोरावर तो एकेका टप्प्यावरून खाली खेळवला आहे. कारंजी उडतात तीही पंपाशिवाय. पाटाचे पाणी दारे धरून देणाऱ्या माणसाला ही कारागिरी चटकन कळेल.

मेच्या मध्यापासून चेरी येते आणि जूनमध्ये भाताची लावणी सुरू होते. गुडघाभर चिखलात वाकलेल्या रांगा, बांधावर आलेली न्याहारी आणि लावणी करता करता म्हटलेली गाणी. कोकणातल्या किंवा मावळातल्या माणसाला आपल्याच गावी आल्यासारखे वाटेल. फरक एवढाच की मागे डोंगरावर बर्फ असते आणि न्याहारीला गुलाबी रंगाचा खारा चहा असतो.

याच सुमारास ज्येष्ठ शुद्ध अष्टमीला गांदरबल जिल्ह्यातल्या तुलमुल गावी खीरभवानीची जत्रा भरते. मोठमोठ्या चिनार वृक्षांच्या सावलीत एक झऱ्याचे कुंड आहे, आणि कुंडाच्या मध्ये देवीचे लहान मंदिर. देवीला दूध आणि खीर वाहतात. कुंडाच्या पाण्याचा रंग बदलतो आणि त्यावरून पुढचा काळ कसा जाईल ते कळते, अशी श्रद्धा आहे. १९९० च्या सुमारास बहुतेक पंडित कुटुंबांना खोरे सोडावे लागले. त्यांतली हजारो माणसे या एका दिवसासाठी जम्मूहून, दिल्लीहून परत येतात. वाटेवर दिवे, फुले, दूध विकणारे आणि येणाऱ्यांची विचारपूस करणारे गावकरी बहुतेक मुसलमान असतात. जुने शेजारी गळ्यात पडून रडतात. ज्याचे गाव धरणात गेले किंवा ज्याला कामासाठी गाव सोडावे लागले, त्याला या जत्रेचा अर्थ वेगळा समजावून सांगण्याची गरज नाही.

दलच्या पश्चिम काठावर हजरतबलची पांढरी मशीद आहे. तिथे पैगंबरांचा पवित्र केस जपून ठेवला आहे, अशी श्रद्धा आहे. ईद-ए-मिलाद आणि मेराज अशा ठरावीक दिवशी त्याचे दर्शन घडवतात, तेव्हा खेड्याखेड्यांतून माणसे येतात. हे सण चंद्राच्या महिन्यांप्रमाणे येत असल्याने दरवर्षी मागे सरकतात. अमरनाथची यात्रा आषाढाच्या आसपास सुरू होऊन बहुधा श्रावणी पौर्णिमेला, म्हणजे आपल्या नारळी पौर्णिमेला संपते. तिला आधी नोंदणी आणि प्रकृतीचा दाखला लागतो, हे ध्यानात ठेवा.

जुलै-ऑगस्टमध्ये दल आणि मानसबल कमळांनी भरून जातात. त्या कमळाचे देठ म्हणजे ‘नदरू’, आपली कमळकाकडी. पाने सुकू लागली की शरदापासून थंडीपर्यंत होडीत उभे राहून, लांब काठीला आकडा लावून, तळाच्या चिखलातून ते ओढून काढतात. हात बधिर करणाऱ्या पाण्यातले हे काम आहे. सप्टेंबर २०१४ च्या महापुरात दलमधले हे पीक बुडाले आणि पुढे काही वर्षे त्याची वाणवाच होती.

वुलरची कथा याहून मोठी आहे. या सरोवरावर काठची गावे मासे, शिंगाडा आणि नदरू या तीन गोष्टींवर जगत आली. १९९२ च्या पुरात गाळाने कमळाचे कंद गाडले गेले आणि फूल दिसेनासे झाले. अलीकडच्या वर्षांत सरोवरातला गाळ काढण्याचे काम झाले आणि २०२५ च्या उन्हाळ्यात, तीस वर्षांहून अधिक काळानंतर, वुलरमध्ये पुन्हा कमळे फुलली. ज्या पोरांनी आजोबांच्या तोंडून नुसते ऐकले होते, त्यांनी ते फूल पहिल्यांदा पाहिले. सुय्याचा धडा अजून खोटा ठरलेला नाही.

आश्विन-कार्तिक : सुगी

आमचा सल्ला विचाराल तर शेतकऱ्याने काश्मीरला सप्टेंबरअखेर ते नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात जावे. भात कापून खळ्यावर आलेला असतो, अक्रोड झोडपलेले असतात आणि सफरचंदाच्या बागांत तोडणी चाललेली असते. देशात पिकणाऱ्या सफरचंदांपैकी बहुतेक माल या खोऱ्यातला. शोपियानच्या बागा आणि सोपोरची फळमंडी अवश्य पाहा. जुन्या मोठ्या झाडांबरोबर आता तारेच्या आधारावर दाट लावलेल्या बुटक्या जातींच्या बागाही दिसतील. त्या दोन-तीन वर्षांत फळ देतात, पण लागवडीचा खर्च भारी. नाशिक-सांगलीच्या द्राक्षवाल्याला हे गणित ओळखीचे वाटेल.

नाशवंत मालाचे दुखणेही तेच. ऑगस्ट २०२५ च्या अखेरीस पावसाने उधमपूरजवळ जम्मू-श्रीनगर महामार्ग तुटला आणि ऐन हंगामात सफरचंदांचे शेकडो ट्रक अनेक दिवस जागच्या जागी उभे राहिले. पेट्यांत फळ सडले. त्याच सप्टेंबरात बडगामहून दिल्लीला फळांसाठी रेल्वेची पार्सल गाडी सुरू करण्यात आली, तेव्हा बागाईतदारांना थोडा धीर आला. रस्ता तुटला की कष्ट कसे मातीमोल होतात, हे आपल्या केळीवाल्यांना, टोमॅटोवाल्यांना पुरते ठाऊक आहे.

आणि मग केशर. श्रीनगरपासून दक्षिणेला दहा-पंधरा किलोमीटरांवर पांपोर गाव आहे. ऑक्टोबरच्या उत्तरार्धापासून दोन-तीन आठवडे तिथल्या करेव्यांवर जांभळी फुले उमलतात. ऊन चढण्याआधी सगळे घर टोपल्या घेऊन शेतात असते. एकेका फुलात तीनच लाल काड्या. एक किलो केशरासाठी सुमारे दीड लाख फुले खुडावी लागतात, आणि घरी बसून प्रत्येक फूल हातानेच सोलावे लागते. या मोसमात सरकारी पर्यटन खाते पांपोरला केशराचा उत्सवही भरवते.

पण हे वैभव आटत चालले आहे. १९९६-९७ साली केशराखाली सुमारे ५,७०० हेक्टर जमीन होती, ती पुढे ३,७०० हेक्टरांच्या आसपास आली. पावसाने दिलेला ताण, कंदांचे रोग आणि शेतांत उठलेली घरे ही त्याची कारणे. केंद्र सरकारने २०१० साली केशर अभियान सुरू केले, २०२० साली काश्मिरी केशराला भौगोलिक मानांकन मिळाले, तरी पिकाला ऐन वेळी पाणी देण्याचा प्रश्न सुटलेला नाही.

केशर घ्याल तर मानांकनाचे चिन्ह पाहून घ्या. नुसत्या गर्द लाल टोकांच्या केशराला ‘मोंगरा’ म्हणतात आणि पिवळा देठ राहिलेल्याला ‘लच्छा’. दोन काड्या कोमट पाण्यात टाकून बघा. खऱ्या केशराचा रंग सावकाश पिवळा उतरतो आणि काडी लालच राहते. टाकताक्षणी पाणी लाल झाले तर तो माल परत करा.

थंडीचे चाळीस दिवस

२१ डिसेंबरपासून चाळीस दिवस अत्यंत कडाक्याची थंडी असते. तिला ‘चिल्लई कलान’ म्हणतात. तिच्यामागून वीस दिवसांची ‘चिल्लई खुर्द’ आणि दहा दिवसांची ‘चिल्लई बच्चा’. दल सरोवराच्या कडा गोठतात, कधी कधी बराच भाग गोठतो. गोठलेल्या तळ्यावर मात्र पाऊल टाकू नका. वरून घट्ट दिसणारा बर्फ मध्येच पातळ असतो. गुलमर्गला बर्फावर घसरण्याचे खेळ चालतात, आणि होकरसरसारख्या पाणथळींत दूर उत्तरेकडून बदके व हंसजातीचे पक्षी मुक्कामाला आलेले असतात.

आपल्या भगिनींनी तिथल्या बायकांची एक रीत मुद्दाम पाहावी. उन्हाळ्यात दुधी, वांगी, टोमॅटो चिरून, दोऱ्यात ओवून वाळवतात आणि बर्फाच्या दिवसांत त्याचेच कालवण करतात. आपल्या सांडग्या-उसऱ्यांचीच ही काश्मिरी बहीण. फेरनच्या आत वेताच्या टोपलीत बसवलेली मातीची शेगडी धरतात, ती ‘कांगडी’. शरदात गळलेली चिनारची पाने जाळून तिचा कोळसा आधीच करून ठेवलेला असतो.

तळ्याचे दुखणे

हे सगळे वाचून काश्मीर म्हणजे नुसता स्वर्ग आहे असे समजू नका. दल सरोवर आकसत आले आहे. शहराचे सांडपाणी, हॉटेलांची आणि हाउसबोटींची घाण, डोंगरावरून येणारा गाळ आणि मळ्यांतून उतरणारी खते-औषधे या साऱ्यांनी पाणी बिघडले. गवत इतके माजते की यंत्रांनी काढावे लागते. राद आणि डेंबही पुढे पुढे सरकत उघडे पाणी खातात, असा आक्षेप आहे. म्हणून सरकारने तळ्यातल्या कुटुंबांना हलवून शहराबाहेर रख-ए-अर्थ येथे वसवण्याचे ठरवले आणि काही कुटुंबे गेलीही.

इथे प्रश्न अवघड आहे. पाणी वाचलेच पाहिजे, त्यावाचून कोणाचेच भागणार नाही. पण ज्याच्या पिढ्या होडीत आणि मळ्यात गेल्या, त्याला कोरड्या जमिनीवरचा प्लॉट देऊन त्याचे पोट कसे भरणार? कोयनेच्या आणि उजनीच्या धरणग्रस्तांनी हेच विचारले होते. शिवाय घाण करणारा एकटा शेतकरी नाही. शहराच्या गटाराला बोल न लावता मळेवाल्यालाच दोषी धरले तर तळेही वाचणार नाही आणि मळाही. पाहुणा म्हणून गेलेल्या माणसाने निदान एवढे करावे, की प्लास्टिकची एक पिशवीही पाण्यात टाकू नये, आणि हाउसबोटीत उतरण्याआधी तिचे सांडपाणी कुठे जाते ते विचारावे. चार गिऱ्हाइकांनी विचारले की पाचव्यासाठी सोय होते.

जायचे असेल तर

पुण्याहून जम्मूतावीला जाणारी झेलम एक्स्प्रेस याच नदीच्या नावाची. जम्मूजवळच्या कटऱ्याहून थेट श्रीनगरला जाणारी रेल्वे ६ जून २०२५ पासून सुरू झाली आहे. वाटेत चिनाब नदीवर पात्रापासून ३५९ मीटर उंचीचा पूल लागतो. पूर्वी दरडींच्या भरवशावर असलेला हा टप्पा आता काही तासांचा झाला आहे. श्रीनगरात मराठी बोल कानावर पडला तर दचकू नका. सोने गाळण्याच्या धंद्यातली आपल्याकडची कुटुंबे तिथे आहेत आणि ती गणपतीही बसवतात.

एक गोष्ट लपवून चालणार नाही. २२ एप्रिल २०२५ रोजी पहलगामजवळ बैसरनच्या कुरणात दहशतवाद्यांनी २६ जणांना ठार मारले. त्यांत आपल्या महाराष्ट्राचे सहा जण होते आणि पर्यटकांना वाचवायला पुढे झालेला एक स्थानिक घोडेवालाही होता. त्यानंतर अनेक ठिकाणे बंद करण्यात आली आणि पुढे ती टप्प्याटप्प्याने उघडत गेली. जायचे की नाही हे प्रत्येक घराने आपले आपण ठरवावे. जाणार असाल तर कोणती ठिकाणे उघडी आहेत याची सरकारी पर्यटन कार्यालयात चौकशी करा, ओळखपत्र जवळ ठेवा आणि मनाई असलेल्या वाटेला जाऊ नका. एप्रिलातही लोकरी कपडे लागतात; वयस्कर माणसांना उंचावर पहिले दोन दिवस दमाने घेऊ द्या.

त्या घटनेनंतर महिनोन् महिने शिकारे काठाला बांधून होते, हेही लक्षात असू द्या. पाहुणा आला नाही की घोडेवाल्याची चूल थंडावते. पण मळेवाला दुसऱ्या दिवशीही पहाटे होडी घेऊन निघालाच, कारण तोडलेली काकडी थांबत नाही. त्याच्या होडीशेजारी तुमचा शिकारा लागला तर भाजीचा भाव विचारा, खत कोणते घालतो ते विचारा, आणि आपल्याकडे ज्वारी कशी आहे तेही सांगा. हिंदी मोडकी असली तरी चालेल. शेतकऱ्याला शेतकऱ्याचे बोलणे समजते.